माहेर म्हणू की सासर

गल्लीतले लहानथोर जिला दुभाषीमावशी म्हणत, तिच्याकडे एका प्रश्नाची निदान डझनभर उत्तरं होती. साहेबाचं राज्य गेल्यावर त्याच्या जुन्या वसाहतींनी मिळून जे राष्ट्रांचं कुटुंब थाटलं, त्यात आपला देश का गेला नाही, हा तो प्रश्न.

दूधवाल्याला तिने सांगितलं होतं, की तिकडच्या सभागृहात एक खुर्ची कमी पडली आणि आपले मंत्री सतरंजीवर बसायला तयार होईनात. पोस्टमनला सांगितलं, की आपलं जहाज निघालं होतं, पण कप्तानाला बायकोची आठवण आली नि त्याने भर समुद्रात सुकाणू फिरवलं. दोघांनाही ते पटलं. कारण त्या काळी मावशी संसदेतल्या काचेच्या खोलीत बसून परक्या पाहुण्यांची भाषणं आपल्या भाषेत करत असे. तिथे बसलेली बाई थापा कशाला मारेल?

त्या संध्याकाळी मात्र तोच प्रश्न घेऊन भाची आली. बहिणीची ही मुलगी मावशीनेच लहानाची मोठी केलेली. आता परराष्ट्र खात्यात होती. चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, उद्या संसदेत पुन्हा तोच विषय आहे. कुटुंबात जायचं की नाही. मंत्र्यांचं भाषण माझ्या गळ्यात पडलंय. तेव्हा खुर्ची नको, जहाज नको, खरं सांग."

"चहा टाकू?"

"टाक. आणि खरं सांग."

"आणि गेलो आपण, तर?"

भाची जरा घुटमळली. "तर तिकडच्या कचेरीत आपलं माणूस लागेल. माझं नाव चाललंय."

तिकडची कचेरी म्हणजे समुद्रापार. मावशीने आधण ठेवलं आणि घातलेल्या साखरेवर पुन्हा साखर घातली.

खुंटीवर, भाजीच्या पिशवीशेजारी, एक जुना हेडफोन लटकत होता. त्याचा स्पंज कधीच झडून गेला होता. मावशीने तो काढून मांडीवर घेतला.

"सगळंच नवं होतं गं तेव्हा," ती म्हणाली. "काचेच्या खोलीला व्हार्निशचा वास यायचा. बाकं नवी, झेंडा नवा, मंत्री नवे. पंतप्रधान होते शाळामास्तर. बोलायचं असेल तर खासदारांना बोट वर करायला लावायचे. आणि काचेपलीकडे, यंत्रावर तुझे काका. तेव्हा काका नव्हते, नुसते आवाजवाले होते."

"मावशी, विषय."

"विषयच चाललाय. तिकडून मोठा पाहुणा आला आमंत्रण घेऊन. जिभेवर नुसता खडीसाखरेचा खडा. सगळ्या सभागृहाच्या कानाला हे असले हेडफोन, आणि त्याचं वाक्य उचलून मी आपल्या भाषेत सोडतेय. तर तो म्हणाला, आईच्या देशाकडे परत या. आता त्याला काय म्हणायचं? मातृभूमी म्हणावं तर ती आपल्या पायाखाली. म्हणून मी माइकचं बटण बंद केलं आणि आवाजवाल्यांना विचारलं, 'अहो, माहेर म्हणू की सासर?'"

भाचीचा कप ओठाशीच थांबला. "बंद झालंच नव्हतं?"

"माझ्या बटणाने नुसती खूण जायची. माइक खरा बंद व्हायचा तो पलीकडून, आणि पलीकडचा माणूस यंत्राकडे बघत नव्हता." मावशी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागली. "माझ्याकडे बघत होता."

"अगं बाई. मग?"

"मग अख्ख्या सभागृहाच्या कानात माझा प्रश्न. मग मागच्या बाकावर एक सुईण होती, निवडून आलेली, ती बसल्या जागेवरून म्हणाली, 'सासर गं, आणि तेही छळणारं.' झालं. लोक बाकावर पडून हसले. कुणी म्हणालं, माहेरचे पाठवणीला चार भांडी देतात, यांनी आपलीच नेली. कुणी म्हणालं, काडीमोडाची शाई वाळली नाही तोवर नांदायला बोलावतायत. पाहुण्याला वाटलं, आपलं भाषण रंगलं. तो आपला कमरेत वाकून आभार मानतोय. शेवटी मास्तर उठले, मिशीत हसू दाबून म्हणाले, 'वर्गाचं उत्तर आलं.'"

भाचीने डोळे पुसले. "म्हणजे देश बाहेर राहिला तो तुझ्या बटणामुळे?"

"मी तेच विचारायला गेले मास्तरांकडे, जरा ऐटीतच. ते म्हणाले, फार चढू नकोस. जे देश गेले त्यांना बाजार हवा होता, आधार हवा होता. त्यांचं त्यांना बरोबर. जे बाहेर राहिले त्यातल्या कुणाची लढाईची जखम ओली होती, कुणाला परक्या राजाला वडीलधारा म्हणवेना. आपल्या लोकांच्या पोटात हसू भरलेलंच होतं, तू नुसती वाट करून दिलीस."

"आणि आवाजवाले?"

"नोकरी जाता जाता राहिली. मग एके दिवशी माझ्या दारात. म्हणाले, चूक दोघांची आहे, तर निस्तरायलाही दोघं हवीत."

चहा अतिशय गोड झाला होता. भाचीने तो मुकाट्याने संपवला. मग म्हणाली, "मी लिहिलंय, 'परिवारात परतण्याची वेळ आली आहे.' बरं वाटतं?"

मावशीला ते सभागृह डोळ्यांसमोर दिसलं. 'परतण्याची' म्हटलं की कुणीतरी मागच्या बाकावरून 'सासरी' म्हणणार, आणि पुन्हा सगळे हसून लोळणार. मंत्री खाली बसणार. भाची इथेच राहणार, रोज संध्याकाळी अशीच चपला काढत बोलणार. त्यासाठी फक्त 'छान आहे' म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"ते परतणं काढ," ती म्हणाली. "तिथे आता कुणी कुणाची सासू राहिलेली नाही, सगळे आपापली चूल मांडून बसलेत. शेजार म्हण. शेजारी जायला लाज नसते, आणि नाही पटलं तर उठून येता येतं."

भाचीने तिच्याकडे पाहिलं. "मावशी, हे चाललं, तर मी…"

"मला भाषांतर करून सांगू नकोस. कळलं मला."

दुसऱ्या दिवशी मावशी रेडिओला कान लावून बसली. मंत्री 'शेजार' म्हणाले. ती हसण्याची वाट पाहत राहिली. कुणी हसलं नाही. मग बाकं वाजली, आधी थोडी, मग सगळी.

तिने रेडिओ बंद केला. बटण पुन्हा एकदा फिरवून तो खरंच बंद झालाय याची खात्री केली. हेडफोन खुंटीला लावला. मग रिकाम्या खोलीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "माहेरी येत जा गं."