दारू, रवा, गोळी

तळहात पुढे करा. समजा, त्यावर कोणी शिशाची एक गोळी ठेवली आहे. वाटाण्याहून थोडी मोठी, करडी, आणि दिसते त्यापेक्षा कितीतरी जड. मूठ मिटा. आता समजा, तुम्ही सहावीत आहात, तुमचं नाव आरोही आहे आणि समोरच्या लाकडी टेबलाशी उभे राहून तुमचे आजोबा रिव्हॉल्व्हर भरत आहेत. तुमचं काम एवढंच: त्यांनी हात पुढे केला की एक गोळी द्यायची, आणि त्यांच्या हातांवरून नजर हलवायची नाही.

आरोहीची नजर हलत नव्हती.

"एक घर झालं," तिचे आजोबा चिमाजी म्हणाले. "दे पुढची."

तिनं गोळी दिली. तळवड्याच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या दगडखाणीत ही नेमबाजीची रेंज होती. खाली सपाट जमीन आणि समोर काळ्या दगडाची उंच भिंत. रविवारी सकाळी इथं कॉलेजची मुलं एअर रायफलचा सराव करत. आज मात्र शेवटच्या टेबलाभोवती चौघंच होते: चिमाजी, आरोही, तिचे वडील निरंजन आणि रेंज सांभाळणारा सुजित.

रिव्हॉल्व्हर अस्सल जुनं नव्हतं. जुन्या काळच्या नमुन्यावरून बनवलेली ती नक्कल होती, पण नुसती शोभेची नव्हे, बार काढणारी. अशा नकला जमवायचा चिमाजींना नाद. भोसरीत कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. लोखंडावर लोखंड नीट बसलेलं दिसलं की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. घरी भिंतीवर आणखी दोन टांगलेल्या होत्या, पण त्यांच्या नळ्या बुजवलेल्या. परवाना होता तो या एकीचा.

यात तयार काडतूस घालत नाहीत. चक्रीला सहा घरं असतात आणि प्रत्येक घर हातानं भरावं लागतं. आधी पितळी मापानं काळी दारू. तिच्यावर चमचाभर रवा, आपल्या शिऱ्याचाच, म्हणजे घरात पोकळी राहत नाही. मग गोळी. ती घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे खालचा दांडा ओढून ती आत दाबली की तिच्या कडेचं शिसं कातरून निघतं आणि बारीक कडं होऊन टेबलावर पडतं. वरून मेणाचं मलम, म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जात नाही. पाच घरं भरायची आणि सहावं रिकामं ठेवायचं. सगळ्यात शेवटी, नेमबाजीच्या जागी गेल्यावर, मागच्या बाजूनं तांब्याच्या टोप्या.

हे सगळं आरोहीला पाठ होतं. रिव्हॉल्व्हरला हात लावायची तिला परवानगी नव्हती; पण गेल्या दोन वर्षांत आजोबांनी तिला डोळ्यांनी भरायला शिकवलं होतं. त्यांची शिकवायची रीतही न्यारीच. ते मधेच मुद्दाम चुकायचे. मलम विसरायचे, नाहीतर गोळीआधी रवा घालायचाच राहायचा.

"खोट पकड," म्हणायचे. पकडली की शिशाचं कडं बक्षीस. मग नळाशी नेऊन तिचे हात साबणानं स्वतः धुवायचे, बोटाबोटांमधून.

पण अलीकडे ते मुद्दाम नसतानाही चुकू लागले होते. गॅस चालू राहायचा. आरोहीला ते कधी कधी गवरा म्हणायचे; गवराबाई ही त्यांची बहीण, कधीच गेलेली. आणि गेल्या महिन्यात ते सकाळी डबा घेऊन निघाले, भोसरीतल्या आपल्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसले. कारखाना केव्हाच बंद झाला होता. पलीकडच्या चहावाल्यानं निरंजनला फोन केला तेव्हा तो चाकणला शिफ्टवर होता.

त्या रात्री तो म्हणाला होता, "अण्णा, परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही. जमा करून टाकू."

"का? माझं हात थरथरत्यात व्हय?"

"हातांचं नाही बोलत मी."

"हातांचंच बोल. बाकीचं माझं मी बघतो."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी चिमाजींनीच तोडगा काढला. रविवारी सगळ्यांसमोर पाच घरं भरून दाखवायची. एकही चूक झाली नाही तर नूतनीकरण. चूक झाली तर रिव्हॉल्व्हर सरकारजमा, पुन्हा तो विषय नाही.

"पण ठरवणार कोण?" निरंजननं विचारलं होतं. "मला यातलं काही कळत नाही."

"आरोही ठरवंल. तिला समदं येतं. आन् ती खोटं बोलत न्हाई."

म्हणून आज ती टेबलाशी उभी होती. काल रात्री आईनं केस विंचरताना विचारलं होतं, काय वाटतं तुला? आरोही म्हणाली होती, "आजोबा चुकणारच नाहीत." आणि मग कितीतरी वेळ फणी केसांत अडकत राहिली होती.

"दोन झाली," चिमाजी म्हणाले. कडं टेबलावर पडलं, टिंग.

"अण्णा, आपलं एअर रायफलचं बरं राव," सुजित म्हणाला. "छर्रा घाला, मारा, मोकळे. हे तर स्वयंपाकच झाला की."

"तुझ्या बायकोला विचार सैपाक म्हंजी काय असतो. तू नुसता जेवणारा गडी."

सुजित मोठ्यानं हसला. निरंजनही हसला. तो वडिलांच्या हातांकडे बघतच नव्हता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. कंपनीत तो क्वालिटीला होता, दिवसभर माल पास आणि रिजेक्ट करायचा. पण इथं त्याची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती.

आणि चिमाजींचे हात काय सुरेख चालले होते! कुठे घाई नाही, कुठे अडणं नाही. काम करताना ते नेहमी नाकातल्या नाकात एक सूर धरायचे, भजनही नव्हे आणि गाणंही नव्हे. तो सूर चालला होता. तिसरं घर भरलं. मलमाचं बोट पुसायला त्यांनी फडकं उचललं, ते खाली ठेवलं आणि चक्री पुढच्या घरावर आणली.

मग चमचा घेऊन त्यांनी रवा घातला.

पितळी माप दारूच्या कुप्पीशेजारी तसंच पडून होतं.

आरोहीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुद्दाम चुकायचे तेव्हा त्यांची डावी भुवई वर जायची, आणि सूर तर हमखास तुटायचा. हसू दाबताना नाकातून सूर निघत नाही. आता भुवई जागेवर होती. सूरही चालूच होता.

त्यांनी हात पुढे केला. तिनं गोळी दिली. दांडा खाली आला, कडं पडलं, मलम लागलं. मग पाचवं घर: दारू, रवा, गोळी, मलम. अगदी बिनचूक.

चिमाजी मागे सरले. त्यांनी दोन्ही हात फडक्याला पुसले आणि हसून नातीकडे पाहिलं.

"बोल पोरी. झालं का बरोबर?"

आरोहीला माहीत होतं, त्या घरानं कोणाला इजा होणार नव्हती. फार तर टोपी नुसती टक करून वाजली असती, आणि कोणीही म्हणालं असतं, दारू ओली निघाली. असं कितीदा झालं होतं. पण तिला हेही माहीत होतं की, आज जे हात दारू विसरले ते उद्या दुसरं काहीतरी विसरतील.

"आरोही?" निरंजन म्हणाला.

"एका घरात..." तिनं मापाकडे पाहिलं. "एका घरात दारू नाही घातली."

वर खाणीच्या काठावर कुठेतरी टेम्पो मागे घेत होते, त्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

मग चिमाजी हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून.

"पकडलं! बघ निरंजन, पकडलं का न्हाई? मुद्दामच केलं मी. म्हटलं बघू, पोरीचं ध्यान हाय का न्हाई."

"मुद्दाम?"

"मंग! हिला शिकवायची आमची रीतच हाय ती. विचार तिला."

"हो, त्यांचं असतं तसं," सुजित म्हणाला. "मागे माझ्यासमोरच किती वेळा झालंय. भारी, अण्णा! घाबरवलंत की आम्हाला."

निरंजननं श्वास सोडला. त्याचे ताठलेले खांदे खाली आले आणि चेहरा एकदम पोरासारखा झाला; वडिलांचं बोट धरून जत्रेत गेलेल्या पोरासारखा. आरोहीनं बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते खरं असावं, असं त्यांना वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं.

"चला मग," सुजित पुढे झाला. त्याच्या मनात काही नव्हतं. काम पुढे न्यायचं एवढंच. "टोप्यांच्या आधी तेवढी गोळी उपसून काढू. कोणतं घर ते सांगा, अण्णा."

चिमाजींनी रिव्हॉल्व्हर उचललं. मलमानं पाचही घरांची तोंडं सारखीच पांढरी झाली होती. त्यांनी चक्री हळूच एक फेरा फिरवली. टक, टक, टक. एका घरावर त्यांचा अंगठा थांबला, मग पुढच्यावर गेला. त्यांनी दुसरा फेरा घेतला. नाकातला सूर कधीच बंद झाला होता.

"अण्णा?" निरंजन म्हणाला.

"सांगतो की. थांब जरा."

त्यांनी मान वर केली आणि आरोहीकडे पाहिलं. असं पाहणं तिच्या ओळखीचं होतं. वर्गात बाईंनी उभं केलेला मुलगा शेजारच्या बाकाकडे बघतो, तसं. रेंजवर कानांना जाड मफ लावलेले असतात, म्हणून आकडे बोटांनी सांगायची सवय दोघांनाही होती. तिचा उजवा हात टेबलावर, कुप्पीच्या आड होता. निरंजनला तो दिसत नव्हता, सुजितलाही नाही. फक्त आजोबांना दिसत होता. चार बोटं उघडली की झालं असतं.

आजोबा त्या हाताकडे बघत होते.

आरोहीनं हात टेबलावरून उचलला. तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं मनगटाशी घट्ट धरून ठेवला. मग टेबलाला वळसा घालून ती आजोबांच्या बाजूला गेली आणि हात तसेच मागे ठेवून, त्यांच्या दंडाला डोकं टेकवून उभी राहिली.