धुतलेली प्रेरणा

आधीच सांगते, मला पसारा सहन होत नाही. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. तिथे एखाद्या पेशंटने मासिक उलटं ठेवलं तरी मी उठून सुलटं करते. घरातही तेच. चप्पल चपलेच्या जागी, किल्ली किल्लीच्या जागी. तर अशा माझ्या घरात, बेडरूमच्या कोपऱ्यात, एक खुर्ची आहे आणि तिच्याबद्दल मी आजवर बाहेर चकार शब्द काढलेला नाही.

त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तिच्यावर कपडे असतात. एकदाच अंगात घातलेले, म्हणजे कपाटात परत ठेवायला मन होत नाही आणि धुवायला टाकायला जिवावर येतं, असे. ह्यांची पँट, लेकीचा स्वेटर, माझी शाल. हो, माझीसुद्धा, खोटं कशाला बोलू? पाहुणे आले की त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि बाहेर येऊन हसायचं, एवढाच त्यावरचा उपाय.

आता लेकीचं सांगते. घरात तिला आम्ही बबडी म्हणतो. ती इंटिरिअर आर्किटेक्चर शिकते. मागच्या परीक्षेला तिला तिघांच्या कुटुंबासाठी झोपायची खोली आखायची होती, आणि ती कशावरून सुचली ते परीक्षकांना दाखवायचं होतं. प्रेरणास्थान म्हणतात त्याला. त्यांच्या वर्गात सगळ्यांना प्रेरणा निसर्गातूनच मिळते. एकाला मधमाश्यांचं पोळं, एकीला वाळलेलं पान. एका पठ्ठ्याने तर अर्धा चिरलेला कांदा नेला आणि परीक्षकांना रडवलं. खरी गंमत म्हणजे ही कार्टी खोली आधी काढतात आणि तिला शोभेलशी प्रेरणा मागाहून शोधत फिरतात. वरातीमागून घोडं!

बबडीने शंख नेला होता. गोल पलंग, गोल भिंत, कपाटसुद्धा गोल. त्यांचे एक सर आहेत, पोरं त्यांना पाठीमागे ‘बरंपण’ म्हणतात, कारण कुणी काहीही दाखवलं की ते चष्मा वर करून म्हणतात, “बरं, पण...” आणि त्या ‘पण’नंतर पोरगं आडवं होतं. शंख फिरवून फिरवून बघत ते म्हणाले, “बरं, पण शंखातला प्राणी शर्ट कुठे टांगतो?”

झालं. बबडी नापास. फेरपरीक्षेची एकच संधी होती. ती हुकली की अख्खं वर्ष पाण्यात. पोरीचं जेवण तुटलं. “मला जमणारच नाही, मी सोडते हे सगळं,” असं म्हणायला लागली. मला नीट समजूत घालता येत नाही. मी आपली घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचे.

आणि एके दिवशी ती बेडरूममधून ओरडत आली, “आई, मिळाली! प्रेरणा मिळाली!”

मी हात पुसत गेले, तर ही बया त्या खुर्चीसमोर मांडी घालून बसलेली.

“अख्ख्या घरात तुला हेच दिसलं?” मी म्हटलं. “माझे पडदे बघ. स्वयंपाकघरातल्या बरण्या बघ, एका उंचीच्या लावल्यात. आणि तू दाखवणार काय, तर आमचं उघडं-नागडं?”

“आई, प्लीज. हात लावू नकोस कशालाच.”

मग तिने ढिगाचं चित्र काढलं, मापं घेतली, कोणता कपडा कुठल्या बाजूने लोंबतो ते बघितलं. ह्यांना तर चेवच चढला. मुद्दाम येऊन पँट टाकायचे आणि विचारायचे, “अशी ठीक आहे का?” त्यात बरंपण सरांचा नवा फतवा निघाला: फोटो चालणार नाही, पोरं कुठूनही उचलून आणतात, प्रेरणास्थान प्रत्यक्ष हजर करायचं. म्हणजे ढीग खुर्चीसकट, चादरीत बांधून कॉलेजात न्यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बबडी नकाशे छापून आणायला बाहेर गेली, आणि मी त्या खोलीत डोकावले. नुसती डोकावले हो! तर सगळ्यात वर ह्यांचं बनियन. त्याला भोक, आणि भोक असं की त्यातून हात जाईल. हे परीक्षकांसमोर? मी फक्त ते बनियन उचललं. त्याखालच्या शर्टाची कॉलर बघवेना. शर्ट काढला तर खालच्या स्वेटरला कसलासा डाग. म्हटलं, मशीन लावतेच आहे तर दोन कपडे जास्त. जरा वेळाने भानावर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि रिकामी खुर्ची धुळकट दिसते म्हणून मी तिला पॉलिशही मारत होते. लोकांसमोर जाणारी वस्तू घरातून अशी कशी जाऊ द्यायची? माझ्या हातून ते होतच नाही.

बबडी आली. खुर्ची बघितली. दोरीवर वाळणारे कपडे बघितले, इस्त्रीची चळत बघितली. मग ती जमिनीवर बसली.

“आई,” ती म्हणाली, “तू माझी प्रेरणा धुतलीस.”

मी हळूच इस्त्रीचं बटण बंद केलं.

“इस्त्रीपण केलीस.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. हे धावत आले, म्हणाले, “त्यात काय, पुन्हा टाकू!” आणि इस्त्रीचे शर्ट एकेक करून खुर्चीवर भिरकावू लागले. पण छे! दुकानात सेल लागल्यासारखं दिसायला लागलं. बबडीने कोपरा ओढून बघितला, बाही लोंबकळवून बघितली, आणि शेवटी म्हणाली, “बाबा, राहू दे. ढीग रचता येत नाही. तो आपोआप साचतो.” आणि ती रडली. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा रिकामी खुर्ची बरी, म्हणून टॅक्सीत खुर्ची, नकाशे, तिने केलेलं खोलीचं छोटं मॉडेल, ती आणि मी. खुर्ची मी उचलणार, असं मीच ठणकावलं होतं. तिने एकच अट घातली: “आत तोंड उघडायचं नाही.” मी तोंडाला कुलूप लावलं.

परीक्षेचा हॉल बघून मात्र ते कुलूप तुटायच्या बेतात होतं. खोल्या कशा असाव्यात हे शिकवणारं कॉलेज, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये साधी एक खुंटी नाही! पांढऱ्याफेक भिंती, काचेचं टेबल, बसायला पाठ नसलेली स्टुलं. बाहेर थंडी, आत हीटर. खुर्ची वाहून मला घाम फुटला होता. मी शाल काढली, पर्ससकट त्या खुर्चीवर ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिले.

कांदेवाला पठ्ठ्या आला. त्याचीही फेरपरीक्षा. स्वेटर डोक्यातून ओढत काढला आणि बोलता बोलता माझ्या शालीवर टाकला. बरंपण सर आले, इकडेतिकडे बघितलं, जॅकेट काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर लटकावलं. मग बाहेरून बोलावलेल्या परीक्षक बाई आल्या, स्कूटरवरून. हातमोजे, मफलर, कोट, वर हेल्मेट. कुणी बघितलंही नाही कुठे ठेवतोय. नकाशे लावण्यात गुंतलेल्या बबडीनेही नाही. मी बघत होते, आणि मला बोलायची बंदी होती! अहो, जीव नुसता तळमळत होता. एकदा मी खोकले. बबडीने डोळे वटारले.

तिचा नंबर आला. खोली दाखवून झाली. सरांनी चष्मा वर केला.

“बरं, पण प्रेरणास्थान कुठे आहे?”

बबडीचा चेहरा उतरला. “सर, ते... काल धुतलं गेलं.”

“काय?”

“म्हणजे एक खुर्ची होती. आहे. तिच्यावर—” असं म्हणत ती खुर्ची दाखवायला वळली आणि तिथेच थबकली. खुर्ची दिसतच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं होतं, खरोखरचं.

बबडी हळूच हसली. किती दिवसांनी!

“सर, ते जॅकेट कुणाचं आहे?”

“माझं. का?”

“तुम्हाला कुणी सांगितलं तिथे ठेवायला?”

सरांनी खुर्चीकडे बघितलं. परीक्षक बाईंनी आपलं हेल्मेट बघितलं आणि फिस्सकन हसल्या.

मग पोरगी जी सुटली! म्हणाली, प्रत्येक घरात धुतलेल्या कपड्यांना जागा असते, मळक्यांना असते, पण मधल्या कपड्यांना नसते. म्हणून तिने कपाटाच्या शेजारी एक उघडा कोनाडा काढलाय, हात सहज पोचेल असा. दार नाही, घडी घालायची सक्ती नाही.

“माझ्याकडे व्यायामाची सायकल आहे,” परीक्षक बाई म्हणाल्या. “कोट तिच्यावर असतो. व्यायाम कधीच केला नाही.”

“पण घरातल्या इतक्या जागांमधून हीच का निवडलीस?” सरांनी विचारलं.

“सर, आमच्या घरात सगळं जागच्या जागी असतं. आई ठेवते. नाही ठेवलं तर ओरडते. ही एकच जागा अशी आहे, जिथे काहीही टाकलं तरी आई कुणालाच बोलत नाही. मी शाळेत असल्यापासून, वाईट दिवस गेला की त्या खुर्चीपाशी जाऊन बसते.”

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मला कुठे बघावं कळेना. मला वाटायचं मी घर कसं आरशासारखं ठेवलंय, आणि माझ्या लेकीला श्वास घ्यायला त्यातला एक कोपरा पुरत होता. फार लागलं मला ते. आणि त्याच वेळी अभिमानाने छातीही भरून आली, काय करू?

सरांनी नकाशा बघितला, खुर्ची बघितली, पुन्हा नकाशा बघितला.

“बरं,” ते म्हणाले.

आम्ही सगळे ‘पण’ची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. कांदेवाल्याने तर टाळीच वाजवली.

‘पण’ आला तो निघताना. “बरं, पण माझं जॅकेट?” ते बाईंच्या कोटाखाली गेलं होतं.

खुर्ची कॉलेजनेच ठेवून घेतली, प्रदर्शनात मांडायला. संध्याकाळी हे कामावरून आले, बबडी पास झाल्याचं ऐकून नाचले, मग शर्ट बदलायला आत गेले ते बाहेरच येईनात. जाऊन बघते तर काढलेला शर्ट हातात धरून मोकळ्या कोपऱ्याकडे बघत उभे. मला बघताच घाईघाईने घडी घालायला लागले.

मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणली आणि कोपऱ्यात ठेवली. चार खुर्च्यांचा सेट मोडला, मोडू दे.

“टाका,” मी म्हटलं.

हे घाबरून म्हणाले, “तुला बरं वाटत नाहीये का?”

शाल काढून आधी मीच टाकली.