इंजिनबाबा आणि लाल दिवा

गॅरेजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टायरांच्या ढिगावर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा माणसं चढून बसली होती. इंजिनबाबा आले होते ना! गेल्याच महिन्यात त्यांनी वाळूवाल्याचा बंद ट्रक नुसत्या मंत्रानं सुरू केला होता. मी स्वतः पाहिलं होतं.

आता पाळी आमच्या ट्रकची. त्याच्या इंजिनाचा कॉम्प्युटर जळाला, म्हणून दुसरा बसवला. तेव्हापासून चावी फिरवली की इंजिन धडधडायचं आणि लगेच मान टाकायचं. माझा मुलगा चिडून पुन्हा चावी फिरवी, मग फिटर फिरवी, मग येणारा-जाणारा फिरवी.

बाबांनी बॉनेटला कान लावला.

"यात थोरल्या मालकांचा आत्मा आहे! घरची सून स्टिअरिंगवर बसते, ते त्यांना खपत नाही. ती पुन्हा ट्रकला हात लावणार नाही असं कबूल करा, तरच मंत्र म्हणेन."

सुनेनं चावी मुठीत आवळली. ट्रक चालवायची तीच. माझ्या मुलाला गाडी लागते.

"अहो बाबा, तिला ट्रक शिकवला तो ह्यांनीच!" मी म्हटलं. "मला मात्र जन्मात शिकवला नाही. रुसायचं तर मी रुसायला हवं."

"आजी, मेल्यावर माणसाची मतं बदलतात."

"जिवंतपणी एकदा बदलली नाहीत, ती आता बदलली होय?"

लोक हसले, पण मुलाची मान खालीच.

ह्यांचा पहिला डिझेल ट्रक थंडीत लगेच सुरू होत नसे. चावी अर्धी फिरवून आतलं हीटर तापू द्यावं लागे. "दिवा विझेपर्यंत चावीला हात लावायचा नाही!" हे ओरडायचे. ती सवय माझ्या डोळ्यांत मुरलेली. म्हणून वाळूवाल्याकडे मंत्राच्या वेळी सगळे डोळे मिटून बसले, तेव्हा मी स्टिअरिंगसमोरच्या दिव्यांकडे बघत होते. आणि बाबाही! चावी चालू ठेवून मंत्र चालायचा. कुलपाचं चित्र असलेला लाल दिवा विझला की मंत्र खलास, चावी बंद. असं तीनदा.

"पोरी, बस वर. चावी चालू कर, पण इंजिन सुरू करू नकोस. बाबांनी वाळूवाल्याकडे केलं तेच, फक्त आज मंत्र माझा."

मी पाढे सुरू केले. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळले, तर टाकीवरून दुरुस्ती आली. दिवा विझला. चावी बंद, पुन्हा चालू, पुन्हा पाढे. बाबांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं. तिसऱ्यांदा दिवा विझल्यावर सुनेनं चावी पूर्ण फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं! सगळा धूर बाबांच्या पांढऱ्या कफनीवर.

फिटरनं कपाळावर हात मारला. "नवा कॉम्प्युटर जुनी चावी ओळखत नाही हो! चोर समजून इंजिन बंद करतो. चावी चालू ठेवून दिवा विझेपर्यंत तीनदा थांबलं की ओळख पटते. आपण सारखी चावी फिरवत बसलो, ओळख होणार कधी? पण बाबा, हे तुम्हाला कसं ठाऊक? ट्रकच्या शोरूममध्ये कामाला होतात का?"

"पूर्वजन्मी," बाबा पुटपुटले आणि फाटकाकडे सरकले.

सून त्याच दुपारी माल घेऊन निघाली. शेजारी मुलगा, तोंडाला रुमाल लावून.

बाबांच्या मंत्रानं काय केलं? घाईच्या माणसांना थोडा वेळ गप्प बसवलं. ते काम पाढ्यांनीही होतं. तेव्हा पोरांनो, उद्या कुणी चमत्कार दाखवला तर हवे तर हात जोडा, पण डोळे उघडे ठेवा. आणि तो माणूस कुठे बघतोय, तेही बघा.