शेवटच्या पानावरचं चित्र

सुदर्शन नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. लहान मुलांसाठी आपलं एक चित्रांचं पुस्तक निघावं, हे त्याचं नोकरीला लागल्यापासूनचं वेड. पहिल्यांदा त्यानं एका उंदराची गोष्ट केली. ती पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडं जायची आणि परत यायची. कुणी म्हणायचं रंगीत छपाई परवडत नाही, कुणी म्हणायचं नव्या माणसाचं आम्ही घेत नाही. बहुतेक जण काहीच म्हणायचे नाहीत. वर्षं गेली, त्याचे केस विरळ झाले, उंदराची शेपूट त्यानं कितीदा तरी नव्यानं काढली.

शेवटी एका संपादक बाईंनी फोन केला. "उंदीर गोड आहे हो, पण असे उंदीर आमच्याकडे खूप येतात. तुम्हाला आतून माहीत असलेलं काही लिहा ना."

सुदर्शनला आतून माहीत होते ते महादेवप्पा मामा. कॉलेजला असताना तो उदगीरला मामांकडं राहिलेला. मामा मोठेपणी कधी रेल्वेनं गेले नाहीत. लोकांना सांगायचे, "एसटी कशी दारात सोडती." खरं कारण त्यांनी एकदा फक्त भाच्याला सांगितलं होतं. लहानपणी गाडी एका स्टेशनात थांबली, वडील पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. पोरगं गाठोडं कवटाळून एकटंच विकाराबादपर्यंत गेलं. तेव्हापासून शिट्टी ऐकली की मामांना भीती वाटायची. "कुणाला बोलू नको बरं," ते म्हणाले होते.

सुदर्शननं 'आगगाडीला भिणारे आजोबा' हे पुस्तक झपाटल्यासारखं केलं. चित्रातले आजोबा हुबेहूब मामाच होते, चष्म्याच्या काडीला बांधलेल्या दोऱ्यासकट. विचारायला हवं होतं. पण मामा नको म्हणाले तर, या भीतीनं त्यानं विचारलं नाही.

बाईंना पुस्तक फार आवडलं. फक्त एक बदल हवा होता. "शेवटी आजोबा गाडीत बसू देत. मुलांना आशा हवी." त्यानं काढलं. शेवटच्या पानावर आजोबा खिडकीतून हात बाहेर काढून हसत होते.

पुस्तक निघालं. शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली. मामांना प्रत द्यायला तो आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला.

मग नागाबाई मामींचा फोन आला. "तुझं पुस्तक इथल्या शाळेत आलंय की रे. आमची शिवकन्या उशाला घेऊन झोपून राहिली."

"आणि मामा?"

"ते आता धान्याच्या मोंढ्याकडं जाईनात. हमाल लोक त्यांना बघून शिट्टी मारून राहिले म्हणं."

त्या शनिवारी सुदर्शन उदगीरच्या एसटीत बसला. काय बोलायचं ते वाटेत जुळवत राहिला, पण एकही वाक्य धड होईना.

मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी "ये" म्हटलं, पाणी मागवलं. मामांची नात, तिसरीतली शिवकन्या, पुस्तक घेऊन धावत आली. "काका, उद्या आम्ही रेल्वेनं लातूरला चाललो, आत्याकडं! आबा मला खिडकीत बसवणार हायत."

ती आत गेल्यावर सुदर्शन म्हणाला, "मामा, चुकलं माझं."

मामा रस्त्याकडं बघत होते. "लोक हसले, त्याचं काही न्हाई. हसतील आन् इसरतील. पण पोरीनं पुस्तक दाखवून इचारलं, आबा, तुम्ही खरंच बसले होते का? शाळेत समद्यांना सांगून आली होती. हाव म्हणलो. आता उद्या काय करू, सांग."

"मीही येतो," एवढंच सुदर्शन म्हणाला.

सकाळी स्टेशनवर गर्दी बेताचीच होती. गाडी आली. शिवकन्या टुणकन चढली, तिच्या मागं सुदर्शन. मामांनी दांडा धरला. त्यांची बोटं पांढरी पडली होती. पाय मात्र फलाटावरून उचलेना.

"आबा, चढा की!" शिवकन्या आतून ओरडली. दारातली माणसं बघायला लागली. मामा भाच्याकडं बघत होते. तिकीट चुकलं, डबा चुकला, काहीतरी थाप मारावी असं सुदर्शनला वाटलं. ती ओठावरही आली. पण त्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि तो खाली उतरला. गाडी हलली.

शिवकन्या रडायला लागली. सुदर्शन तिच्यासमोर उकिडवा बसला. "शिवकन्या, मोठे झाल्यावर आबा कधीच गाडीत बसले नव्हते. ते शेवटचं चित्र मी माझ्या मनानं काढलंय."

"मग खोटं कशाला काढलं?"

"पुस्तक छापून यावं म्हणून."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याची मान खाली गेली. मग ती आजोबांकडं वळली. "आन् तुम्ही हाव का म्हणले?"

मामांनी तिला बाकावर जवळ घेतलं. "तुला लई आनंद झाला होता ना बाई," ते म्हणाले, आणि मग गाठोड्याची, सुटलेल्या गाडीची गोष्ट त्यांनी स्वतःच तिला सांगितली. डब्यातल्या एका तेलंगी बाईनं पदराखाली घेऊन निजवलं, तिची भाषा कळत नव्हती, तरी ती विकाराबादपर्यंत गात होती. हे सुदर्शननं कधीच ऐकलं नव्हतं. तो बाकाशेजारी उभा होता, पण त्याला कुणी सांगत नव्हतं.

दोघं एसटीनं लातूरला गेले. सुदर्शन नांदेडला परतला आणि त्यानं संपादक बाईंना फोन लावला. शेवट बदलायचाय म्हणाला. "अहो, दुसरी आवृत्ती छापून तयार आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बघू." त्यांचा आवाज आनंदी होता.

तो अजून उदगीरला जातो. मामा त्याला चहा पाजतात, सोयाबीनचा भाव सांगतात, मामींच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. आता मोंढ्यातही जातात. पण पूर्वीसारखं, जेवण झाल्यावर ओट्यावर बसून, आपल्या मनातलं ते त्याला काही सांगत नाहीत. तोही विचारत नाही.