हलका नकाशा

नदी फुगत चालली होती आणि वारिंडा गावच्या कौन्सिलच्या वेबसाइटवरचा पुराचा नकाशा कुणाच्याच फोनवर धड उघडत नव्हता. वेबसाइट सांभाळायचं काम जनीनकडे, म्हणून शिव्याही जनीनलाच. तिचा डेस मामा टेकडीपलीकडे गाई पाळायचा. तिथं रेंज नावालाच. त्याचा फोन आला.

"अगं, नाताळपर्यंत तरी उघडेल का तुझा नकाशा? नुसतं चाक फिरतंय. पाणी गोठ्यात शिरलं. कुठल्या रस्त्यानं निघू?"

"थांब मामा, फाइल हलकी करते. लगेच उघडेल."

रस्ता तोंडी सांगितला असता तरी भागलं असतं. पण दुसरे फोन खणखणत होते, आणि फाइल हलकी करण्यात जनीनचा हात धरणारं कौन्सिलात कुणी नव्हतं. पोहण्याच्या तलावाचे, बार्बेक्यूचे फोटो ती असे दाबून लहान करायची की डोळ्याला फरकाचा पत्ता लागत नसे. तिनं नकाशाही फोटोसारखाच दाबला. नकाशा म्हणजे फोटो नव्हे, हे तिला कळत होतं. घाईत सुचलं नाही. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर बरा दिसला, चढवून टाकला.

"आला बघ चुटकीसरशी!" मामा फोनवर ओरडला. "गुणाची पोर माझी. मामी गाडीत बसलीय, निघतो."

"जपून जा रे."

जनीनला हायसं वाटलं. मग एका बाईचा मेसेज आला: बंद रस्ते कुठले? मला एकही दिसत नाही.

तिनं स्वतःच्या फोनवर नकाशा उघडला. बंद रस्त्यांच्या बारीक लाल रेषा दाबताना शेजारच्या जमिनीच्या तपकिरी रंगात मिसळून गेल्या होत्या. पाण्याखाली गेलेला ओढ्यावरचा रस्ता इतर रस्त्यांसारखाच दिसत होता.

मामाचा फोन लागेना. पुन्हा लावला, लागेना. तिनं रेषा जाड केल्या, बारीक रेषा जपणाऱ्या, नकाशासाठीच्या प्रकारात फाइल साठवून पुन्हा चढवली. तीही तितकीच हलकी झाली. मुळात एवढंच करायचं होतं, आणि ते तिला येत होतं. याच गोष्टीची तिला सगळ्यात चीड आली.

बचावाच्या बोटीला मामी ओढ्याच्या पुरात एका झाडाला बिलगलेली सापडली. मामा दुसऱ्या दिवशी सापडला, खूप खाली.

जनीन इस्पितळात गेली. मामीनंच तिला जवळ ओढलं.

"मी म्हणत होते, शेजारच्या केव्हला रस्त्याचं एकदा विचारू या," मामी म्हणाली. "तर तुझा मामा म्हणाला, कशाला? आपल्या जनीनचा नकाशा आहे."