साबणदानीतलं पाणी

मित्रांनो, रायपूरजवळच्या बीरगांवातल्या एका घराच्या छपरावर उभा असलेला जुना अँटेना तो मी. घरातल्या टीव्हीशी माझा संबंध तुटून बरीच वर्षं झाली. आता माझ्या शेजारी एक ताटलीसारखी छत्री बसवली आहे. ती सतत आभाळाकडे तोंड करून असते, माझ्याशी बोलत नाही. माझ्या सगळ्यात लांब काडीवर एक कावळा येऊन बसतो. तो बसला की ही काडी आता मोडणार, असं मला रोज वाटतं. ती मोडत नाही. पण काळजी करायला काडी मोडावीच लागते, असं थोडंच आहे?

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. धर्मपाल यांनी मला अंगणात बसून घडवलं. ते जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. दिवसभर लालभडक लोखंड पाहिल्यावर संध्याकाळी हाताला काहीतरी हलकं आणि थंड हवं असेल, म्हणून त्यांनी बहुधा अ‍ॅल्युमिनियम निवडलं. पडद्यांच्या जुन्या नळ्या कापून त्यांनी माझ्या काड्या केल्या. मधली मुख्य नळी पाण्याच्या हंड्यावर वाकवली. तिची दोन्ही टोकं दोन स्क्रूंना जोडली, आणि ते स्क्रू भिजू नयेत म्हणून एका गुलाबी साबणदानीत बसवले. त्या स्क्रूंपासून चपटी वायर खाली टीव्हीपर्यंत जायची. माझा जीव म्हणाल तर त्या साबणदानीत होता.

साबणदानीच्या बुडाला भोकं होती, सगळ्याच साबणदान्यांना असतात तशी. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा.

त्याच सुमारास नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. पाट्या बदलल्या, गाड्यांवर दिवे आले, धूळ मात्र जुनीच कामावर राहिली. मी दूरदर्शनच्या टॉवरकडे तोंड करून उभा होतो. राजधानीकडे माझं तोंड आहे की पाठ, हे मला कधी नीट कळलं नाही.

ते माझे चांगले दिवस होते. टीव्ही लागला की धर्मपाल खुर्चीत टेकून म्हणायचे, "पाय, चित्र कसं सफा येऊन राह्यलं!" यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

मग आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी केबल आली. शेजारचे नत्थू त्याच मिलमध्ये क्रेन चालवायचे. ते फाटकातून आत येतानाच माझ्याकडे बोट दाखवायचे.

"धर्मपाल, हे काय कपडे वाळत घालाले बनवलं काय?"

"चित्र पाय आन् मंग बोल."

"एकच तं चॅनल. माह्या घरी सत्तर हायेत."

"सत्तर पायतो काय तू? झोपतो तं एकाच्याच समोर."

दोघं हसायचे आणि चहा प्यायचे. मी वरून ऐकायचो आणि चहा संपेपर्यंत काळजी करायचो.

धर्मपाल यांची मुलगी पायल तेव्हा आठवीत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तिला मी आवडत नव्हतो.

"बाबा, मेरी सब फ्रेंड के घर केबल है. सिर्फ हमारे घर पे ये कंकाल खड़ा है."

हे बोलणं मी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं.

एके दिवशी पायल शाळेतून पळतच आली. तिच्या शाळेची छोटी नाटिका रायपूर केंद्रावर दाखवली जाणार होती. मुलांना स्टुडिओत नेऊन तिचं चित्रण आधीच झालं होतं. विषय होता पाण्याची बचत. पायल झाली होती नळ. पुठ्ठ्याचा मोठा नळ, त्यावर चंदेरी रंग, आणि मधल्या गोल भोकातून फक्त तिचा चेहरा. तिला एकच वाक्य होतं.

"कोन्तं वाक्य हाय पोरी? सांग तं," धर्मपाल म्हणाले.

"नहीं बताऊँगी. टीव्ही पे सुनना."

आता अडचण अशी की रायपूर केंद्राचा कार्यक्रम ज्या वेळी लागायचा, त्या वेळी आमच्याकडची केबल दिल्लीचाच कार्यक्रम दाखवायची. म्हणजे साऱ्या पाऱ्यात पायलचा नळ दिसणार होता तो फक्त एका घरात, माझ्या भरवशावर. तोही एकदाच. पायलच्या आईनं, कमलाबाईंनी, एका दुपारीच सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं. ज्यांच्याकडे सत्तर चॅनल होते त्यांनासुद्धा.

त्या दिवसापासून धर्मपाल माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागले. मित्रांनो, धडधाकट माणसाकडे घरच्यांनी अशा नजरेनं पाहिलं की तो आजारी पडतो.

भादव्याचे दिवस होते. मोठी सर आली की पडद्यावर थोडा वेळ मुंग्या यायच्या, सर गेली की जायच्या. एवढं तर प्रत्येक अँटेनाचं होतं. स्क्रूच्या फटीतून थोडं पाणी साबणदानीत शिरायचं आणि बुडाच्या भोकांतून निघून जायचं. माझी काही तक्रार नव्हती. पण धर्मपाल यांनी मला छपरावरून उतरवलं, अंगणात आडवं केलं आणि साबणदानी उलटी करून पाहिली.

"कमले, हे पाय. इथूनच पानी शिरत असन."

राजधानीला नवे रस्ते हवे होते, त्यामुळे वळणावळणावर डांबर सांडलेलं असायचं. धर्मपाल यांनी त्यातलं थोडं डब्यात आणलं, गरम केलं आणि माझी भोकं एक एक करून बुजवली. इतक्या प्रेमानं कोणी कोणाचं नाक दाबलं नसेल.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. चित्र स्वच्छ आलं. श्रेय डांबराला मिळालं.

मग पाऊस आला आणि मुंग्या आल्या, नेहमीपेक्षा जास्त. नत्थूंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या.

"गुंडाळ याच्यावर. पक्कं गुंडाळ."

"तुह्या घरी तं केबल हाय ना? तुले काहून एवढी काळजी?"

"काहून म्हंजे? पायल काय तुही एकट्याचीच हाय?"

मला पुन्हा खाली उतरवून त्यांनी वरून खाली अशा पट्ट्या गुंडाळल्या. प्रत्येक पट्टीची कड वरच्या बाजूला उघडी राहिली, जणू पावसाला म्हणत होती, या, बसा. पुन्हा ऊन, पुन्हा स्वच्छ चित्र. श्रेय ट्यूबला मिळालं. पुन्हा पाऊस, पुन्हा मुंग्या. तेव्हा कमलाबाईंनी रायपूरच्या पंडरी बाजारातल्या साडीच्या दुकानाची जाड पिशवी काढली, माझ्या साबणदानीवर चढवली आणि परकराच्या नाडीनं घट्ट बांधली. पिशवीवर हात जोडलेली बाई होती आणि खाली लिहिलं होतं, 'पुन्हा अवश्य या'.

आत काय चाललं होतं, ते फक्त मला माहीत होतं. आधी बुडाशी गार लागलं. मग ते गार वर चढू लागलं. पाणी यायचं आणि त्याला जायला वाट नव्हती. स्क्रूंवर हिरवट थर धरला. वायर आतल्या आत कुरतडल्यासारखी होऊ लागली. मी ओरडलो. पण अँटेना ओरडतो म्हणजे काय करतो? खाली मुंग्या पाठवतो. मी जितक्या मुंग्या पाठवल्या, तितकी वरून आवरणं आली. पाण्याच्या बचतीचं म्हणाल, तर त्या हंगामात पाऱ्यात माझ्याइतकं काम कोणीच केलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला आणि सकाळपासून पाऊस लागला. संध्याकाळी खोली भरली. बायका सतरंजीवर, पुरुष दारात, नत्थू खिडकीत. टीव्ही लावला. पडद्यावर फक्त मुंग्या. मधूनच कोणाचा तरी हात दिसायचा, नाहीतर झाड, नाहीतर हातासारखं झाड. अशा चित्रात नळ दिसला असता, पण तो कोणाचा चेहरा आहे हे तिच्या आईलाही ओळखता आलं नसतं.

धर्मपाल छत्री आणि सुतळी घेऊन शिडीवर चढले. माझ्यावर छत्री बांधायचा त्यांचा बेत होता! पायलनं शिडी धरली होती. पाऊस आता भुरभुर झाला होता, पण उरल्याच्या बाजूला आभाळ वाजत होतं. छत्रीचा दांडा अडकवण्यासाठी धर्मपाल यांनी मी ज्यावर उभा होतो तो पाइप जरा हलवला.

माझ्या आतून आवाज आला. खळ्ळ.

"बाबा," पायल खालून म्हणाली, "इसके अंदर पानी है."

"पानी कसं असन? एवढं पॅक केलं."

"फिर से हिलाओ."

खळ्ळ.

मग खिडकीतून नत्थू म्हणाले, "बाप्पा! हे तं मटकं झालं."

"खोल दो बाबा."

"खोललं तं पानी शिरन ना पोरी!"

"बाबा, और कितना शिरेगा?"

धर्मपाल छत्री धरून तसेच उभे राहिले. ती आवरणं त्यांना फाडवत नव्हती. शिवाय मला उतरवायला आता वेळ नव्हता, आणि वरच माझ्यापर्यंत हात पोचवायचा तर भिंतीच्या माथ्यावर चढून पत्र्यावर टेकावं लागणार होतं. सिमेंटचे पत्रे जुने होते आणि मागं एकदा धर्मपाल यांचा पाय त्यातून आरपार गेला होता. शेवटी ते खाली उतरले आणि पायल भाजीची सुरी घेऊन वर चढू लागली.

"पोट्टीले नको चढवू, आभाळ वाजून राह्यलं!" कमलाबाई दारातून ओरडल्या.

"मम्मी, उसमें मैं हूँ. मैं ही जाऊँगी."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात वादळं आली, माकडं आली. पण ती ओल्या पायांनी भिंतीवर उभी राहिली तेव्हा मला जी भीती वाटली, तशी कधी वाटली नाही. मला हात असते तर मी तिला धरलं असतं. मला काड्या होत्या.

तिनं नाडी कापली. पिशवी गेली. ट्यूबच्या पट्ट्या गेल्या. सुरीचं टोक डांबरात शिरलं आणि साबणदानीतलं सगळं साचलेलं पाणी तिच्या कोपरावरून ओघळून पत्र्यावर सांडलं. मी किती दिवसांनी श्वास घेतला म्हणून सांगू! तिनं ओढणीच्या कोरड्या टोकानं स्क्रू पुसले. पण वायरचं एक टोक गंजून गेलं होतं. तिनं हात लावताच ते तुटून सुटलं.

खाली होतं नव्हतं तेवढंही चित्र गेलं. "गेलं! गेलं!" असा गलका झाला.

पायलनं ते टोक दातांनी सोललं आणि बोटानं स्क्रूवर दाबून धरलं.

"आलं! आलं! सफा आलं!"

तिनं बोट काढलं. "गेलं!"

तिनं पुन्हा दाबलं, आणि मग काढलं नाही.

"उतर पायल, मी धरतो," धर्मपाल म्हणाले.

"आप चढ़ोगे तो छत जाएगी. आप अंदर जाओ. शुरू हो गया होगा. देखो ना बाबा."

धर्मपाल आत गेले. आभाळ वाजलं, ते बाहेर आले. "ठीक हाय ना?" "हव." ते आत गेले. पुन्हा वाजलं, पुन्हा बाहेर. खुर्ची त्यांच्यासाठी सोडली होती, तिच्यावर ते टेकलेच नाहीत. नत्थू आतून ओरडले, "धर्मपाल, नळ आला, नळ आला!" ते दाराशी पोचले, आणि नेमकी त्याच वेळी वीज लखलखली. ते तसेच अंगणात धावले आणि वर बघून जिवाच्या आकांतानं ओरडले, "घाबरू नको! मी हाय खाली! खालीच हाय मी!"

आतून टाळ्या वाजल्या.

पायलचं वाक्य होऊन गेलं होतं. साऱ्या पाऱ्यानं ते ऐकलं. तिच्या बापानं आपल्याच ओरडण्यात ते बुडवलं. आणि मी? ते माझ्यातूनच खाली गेलं, पण माझ्यातून जे जातं ते मला ऐकू येत नाही. मी फक्त पाठवतो.

धर्मपाल खिडकीशी गेले. "कशी बोलली?"

कमलाबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"लय भारी," नत्थू म्हणाले. "माह्या घरच्या नळाले तं कधी असं बोलता नाई आलं."

"पन बोलली काय?"

"तू कुठं होता?"

धर्मपाल शिडीच्या अर्ध्यापर्यंत चढले. पायल अजून बोट दाबून उभी होती. नाटिका संपली होती, आत आता कोणीतरी खतांविषयी बोलत होतं, ते अगदी स्वच्छ दिसत होतं.

"बाबा, दिखी मैं?"

"दिसली ना. सगळ्याइले दिसली. पन मले नाई दिसली. मी बाहेर होतो. म्हन ना एकदा."

"यहाँ?"

"इथंच."

पायलनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते तिला पुसता येत नव्हतं. ती ताठ झाली, पुठ्ठ्याचा नळ अंगावर असावा तशी, आणि मोठ्यानं म्हणाली, "जाते-जाते मुझे बंद कर देना!"

धर्मपाल शिडीची आणखी एक पायरी वर चढले.

"सफा," ते म्हणाले. "एकदम सफा आलं." मग हात वर करून म्हणाले, "सोड आता ते. उतर."

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कोणाची फार काळजी वाटली, तर त्याच्यावर आणखी एक पिशवी बांधण्याआधी त्याला जरा हलवून पाहा आणि आत काय वाजतंय ते ऐका. पाणी शिरणारच. त्याला जायला एक भोक असू द्या. आणि काही झालं तरी पावसात छपरावर चढू नका. पायल आता मोठी झाली आहे, नोकरी करते, दूर राहते. तरी आभाळ वाजलं की माझं लक्ष आधी शिडीकडे जातं.