पंचविसाची सरासरी आणि माझा मागचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी माउंटन सायकल आहे आणि सध्या गॅलरीत दोन हुकांना उलटी टांगलेली आहे. माझ्या एका पेडलवर ओला टॉवेल आहे, दुसऱ्यावर मालकांचा पायमोजा. मला मागचा ब्रेक नाही. तो का नाही, हे कुणालातरी लवकर सांगायलाच हवं, म्हणून भरभर सांगते. भरभर बोलणं मला जमतं. भरभर पळणं जमत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कारखान्यात मला जाडजूड सांगाडा दिला, मनगटाएवढे खुटाखुटांचे टायर दिले आणि पुढे स्प्रिंगचे शॉकअप लावले. दुकानात माझ्यामागे एक मोठं चित्र होतं. त्यात माझ्यासारखीच एक सायकल खडकावरून उडी मारत होती. मी मनात म्हटलं, चला, आपलंही असंच होणार.

पण मला घेतलं पाइपांच्या गोदामातल्या हिशेबनिसांनी. पहिल्याच दिवशी वाटेत एक डबकं लागलं. मालक खाली उतरले, मला खांद्यावर घेतलं, स्वतः घोट्यापर्यंत चिखलात शिरले आणि मला कोरडीठाक पलीकडे ठेवलं. का, तर टायर खराब होतील! तेव्हापासून माझी वाट एकच, घर ते गोदाम, गुळगुळीत डांबरावरून. शेजारी म्हणायचे, "काय दणकट सायकल आहे हो!" मालक फडक्याने माझे खूट पुसायचे. माया होती, नाही म्हणत नाही.

मग मालकीणबाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे मालकांचा मेव्हणा, रोडबाइक घेऊन दारात आला. ती बया अशी किडकिडीत, की भिंतीला टेकवली तर तडा गेल्यासारखी दिसावी. तिचे टायर अंगठ्याएवढे आणि गुळगुळीत. मित्रांनो, यात कुणाची चूक नाही. डांबरावर माझा एकेक खूट रस्त्याला चिकटून "थांब जरा" म्हणतो. पेडलचा बराच जोर माझ्या शॉकअपच्या उठाबशांतच संपतो. वर मालक ताठ बसून सगळा वारा छातीवर घेतात. तेवढ्याच दमात सपाट रस्त्यावर ती तासाला पंचवीस किलोमीटर जाते आणि मी अठरा.

मेव्हण्याचं एक मंडळ होतं, पंचवीस मंडळ. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. नियम एकच: जिथून निघालात तिथेच परत यायचं, आणि हँडलवरच्या मीटरने सरासरी पंचवीस दाखवली पाहिजे. ज्यांना जमत नाही, त्यांनी चहाच्या टपरीवर बाकीच्यांची हेल्मेटं सांभाळायची. मालक कित्येक रविवार मांडीवर हेल्मेटांचा ढीग घेऊन बसले. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस कलिंगडं विकतोय.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुमची ती सायकल नाही हो, म्हैस आहे. दूध काढा, पळवू नका."

त्या रात्री जेवताना मालकांनी ताटावर मूठ आपटली. "येत्या रविवारी पंचवीस काढले नाहीत, तर ही म्हैस भंगारात! शब्द म्हणजे शब्द!"

मी दारामागे उभी होते. माझ्या टायरमधली हवाच गेली. खरोखरच गेली, व्हॉल्व्ह जुना होता.

दुसऱ्या दिवसापासून मला हलकं करणं सुरू झालं. स्टँड गेला. कॅरिअर गेलं. मडगार्ड गेले. घंटा गेली. घंटा नाही म्हणून मालक तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग" ओरडायला लागले. एक आजोबा हे काय बघायला रस्त्यातच थांबले, आणि आम्ही थेट त्यांच्या भाजीच्या पिशवीत. मग मालकांनी मिशी काढली.

"अहो, मिशीत असं कितीसं वजन होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वजन नाही गं! वारा अडतो!"

इतकं करून अठराची सरासरी सव्वाअठरा झाली.

तेव्हा मालकांच्या हिशेबी डोक्यात ती भयंकर कल्पना आली. सपाट रस्त्यावर जमत नाही ना, मग डोंगर घेऊ! गावाबाहेर टेकडीवर पाण्याची टाकी आहे. चढ चढायचा दहाच्या वेगाने, उतार उतरायचा चाळीसच्या. दहा आणि चाळीस पन्नास, भागिले दोन, पंचवीस! मालकांनी आनंदाने माझ्या सीटवर थाप मारली.

आम्ही गेलो. तासभर हाशहुश करत वर, पाव तासात सुसाट खाली. पायथ्याशी परत येताच मालकांनी मीटर बघितलं. सोळा.

"मीटर बिघडलंय," ते म्हणाले. मेव्हण्याचं मीटर आणून लावलं, पुन्हा गेलो. सोळा.

घरी मालकीणबाई शेंगा सोलत होत्या. "अहो, एखादा माणूस तासभर रडला आणि पाव तास हसला, तर निम्मा वेळ हसण्यात गेला म्हणाल का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तासभर तुम्ही दहाने रडलात. हसलात पाव तास. सरासरी रडण्याकडेच झुकणार ना?"

"अगं, हिशेब माझं काम आहे," मालक म्हणाले, आणि त्यांनी दोष शोधून काढला. उतारावर आपण मधेमधे ब्रेक दाबतो. चाळीसच्या जागी साठ गेलो, तर चढाचं नुकसान भरून निघेल! आणि दाबायचाच नाही, तर ब्रेकचं ओझं कशाला? त्यांनी पाना घेतला आणि माझा मागचा ब्रेक काढून स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवला.

मित्रांनो, तेव्हाची माझी अवस्था काय सांगू! मला कळत होतं की पंचवीस येणारच नाहीत. चढच मुळी तासभर खातो. नंतर उतार पापणी लवायच्या आत संपला, तरी सरासरी विसाच्या वर जात नाही. मालक साठने जावोत, शंभरने जावोत, तोफेच्या गोळ्यासारखे जावोत, हाती येणार वीसच्या आतलाच आकडा आणि वर एखादं मोडलेलं हाड. मला ओरडायचं होतं. ओरडायला माझ्याकडे एक घंटा होती, ती मिशीच्या आधीच गेली होती.

रविवारी सगळं मंडळ टाकीच्या पायथ्याशी जमलं. आम्ही चढलो. वर मालकांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही, पोटात वजन नको म्हणून. मग हनुवटी माझ्या हँडलवर टेकवली आणि सोडली मला.

चाळीस झाले. पन्नास झाले. माझे खूट डांबरावर असे घुमायला लागले, की झाडावरचे पक्षी उडाले. साठ! "येतंय गं, येतंय!" मालक ओरडले. समोर वळण आलं. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. तो बिचारा एकटा. आधी किंचाळला, मग त्याला करपट वास सुटला, मग तो गप्प झाला. रस्ता डावीकडे वळला. आम्ही सरळ गेलो.

"आईऽऽ गं!"

आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चाकांना माती लागली. दगड, ढेकळं, झुडपं, एक चर! माझे शॉकअप असे दबले आणि असे उसळले, की दुकानातलं ते चित्र मला आठवलं. माझा एकेक खूट मातीत रुतत होता, मालकांना सावरत होता. मेव्हण्याची ती काडी इथे पहिल्याच दगडावर दुमडली असती. मी नाही दुमडले. उभ्या उतारावरून मालकांना मी सीटवर धरून आणलं, अगदी खालच्या रोपवाटिकेपर्यंत. तिथे शेणखताचा ढीग होता. मी थांबले. मालक थांबले नाहीत.

मंडळ धावत आलं. अध्यक्षांनी आधी मीटर उचललं. "सोळा पॉइंट नऊ," ते म्हणाले, "नियमात बसत नाही." मग मालकांना उचललं.

खांद्याचं हाड मोडलं होतं. तरी चार दिवसांनी, हात गळ्यात असताना, मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. शब्द म्हणजे शब्द! भंगारवाल्याने मला हुकांवरून उतरवलं, तागडी काढली. मालकीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"न्यायचं तर दोघांना न्या. जिने जीव वाचवला तिला एकटीला नाही."

भंगारवाल्याने मालकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन भरेल ताई. पण मालाला उठाव नाही."

मालक हसले, खांदा दुखला म्हणून कळवळले आणि मग डाव्या हाताने पेन्सिल घेऊन बसले. बराच वेळ आकडे मांडले. शेवटी हळूच म्हणाले, "उतार शून्य वेळात संपला तरी वीसच येतायत गं."

"मग?"

ते उठले. मीटर काढून त्यांनी भंगारवाल्याच्या हातात दिलं आणि माझ्या सीटवरचं वाळलेलं शेण नखाने खरवडलं. मला पुन्हा हुकांवर चढवलं गेलं. मला वाटलं, सुटले.

पण मित्रांनो, काल मेव्हणा आला. बिस्किट बुडवत म्हणाला, "दाजी, पलीकडच्या घाटात चढ अगदी सौम्य आहे म्हणे. पंधराने सहज चढता येतो. आणि उतार असा उभा, की बोलायची सोय नाही."

मालकांनी बराच वेळ कप खाली ठेवला नाही. मी चाकातली चाकात गोठले.

म्हणून सांगते, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जाडी, हळू चालणारी सायकल असेल, तर तिला आकडे मागू नका, चिखल दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलंच, तर आधी स्वयंपाकघरात जा. चहाच्या डब्यामागे माझा मागचा ब्रेक आहे. तो बसवा, नट घट्ट आवळा आणि पाना कुठेतरी लांब लपवा. जरा घाई करा. कारण मालकांनी कप खाली ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला:

"किती उभा?"